कंपाउंड चॉकलेटचे स्लॅब आणि साचे : दहा महिने आणि चार सणांनंतर

2025च्या जुलैअखेर, राखीच्या तयारीसाठी, मी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या बेकिंग सामानाच्या एका दुकानातून कंपाउंड चॉकलेटचे 500 ग्रॅमचे चार स्लॅब, पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे जाड कडक प्लॅस्टिकचा, एक साचा आणि पातळ पारदर्शक प्लॅस्टिकचे तीन साचे आणले. त्यानंतर दिवाळी, नाताळ आणि संक्रांत हे तिन्ही सण याच सामानावर पार पडले. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण या काळात तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे स्लॅब वापरून झाले आणि मला जे सांगायचे आहे ते तिन्हींना सारखेच लागू पडते. ते असे की कंपाउंड हे आवरण म्हणून उत्तम आहे, पण चॉकलेट म्हणून सुमार आहे. हा फरक लक्षात न घेता खरेदी केली, तर पैसे वाचतात आणि पदार्थ वाया जातो.

कंपाउंडमध्ये कोको पावडर असते, परंतु कोको बटरऐवजी बहुधा पामच्या बियांच्या गरापासून काढलेली वनस्पतीजन्य चरबी असते. कोको बटर सुमारे 34 अंशांना, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या किंचित खाली वितळते. त्यामुळे खरे चॉकलेट तोंडात ठेवताच पाझरते. कंपाउंड मात्र टाळ्याला किंचित चिकटून राहते. पहिल्या दिवशी मी साच्यात नुसत्या डार्क कंपाउंडच्या वड्या पाडल्या, तेव्हा सासूबाईंनी एक तुकडा जिभेवर घोळवून शांतपणे विचारले, "यात वनस्पती तूप घातले आहेस का?" त्यांना स्लॅबच्या वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचता येत नाहीत, पण निदान अचूक होते. वेष्टनाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते : भारतात 1 जानेवारी 2022 पासून खाद्यतेल आणि वनस्पतीजन्य चरबीतील ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक चरबीवर, 2 टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे जुनी भीती थोडी कमी झाली आहे. संपृक्त चरबीचे प्रमाण मात्र भरपूर असते आणि हा पदार्थ सणापुरताच बरा.

मग महागडे कूव्हर्चर, म्हणजे भरपूर कोको बटर असलेले खरे चॉकलेट, का नाही, असा प्रश्न कोणीही विचारेल. एक कारण अर्थातच भाव. 2024 मध्ये जागतिक बाजारात कोको टनाला 10,000 डॉलरच्या वर गेला आणि त्याची झळ खऱ्या चॉकलेटला जास्त बसली. मला डार्क कंपाउंडचा अर्धा किलोचा स्लॅब 215 रुपयांना पडला, तर कूव्हर्चरसाठी त्याच दुकानात याच्या तिपटीहून अधिक मोजावे लागत होते. दुसरे कारण मुंबईची हवा, आणि माझ्या मते ते अधिक महत्त्वाचे आहे. खऱ्या चॉकलेटला टेम्परिंग लागते. डार्क असेल तर ते साधारण 45 अंशांपर्यंत वितळवायचे, 27-28 पर्यंत उतरवायचे आणि पुन्हा 31-32 पर्यंत आणायचे, म्हणजे कोको बटरच्या सहा प्रकारच्या स्फटिकांपैकी हवा तोच प्रकार जमतो आणि चॉकलेटला चकाकी व कुरकुरीतपणा येतो. आमच्या परळच्या स्वयंपाकघरात ऑक्टोबरच्या दुपारी भिंतीवरचा तापमापकच 32 दाखवतो. तेथे 27 अंशांवर काही उतरवायचे म्हणजे वातानुकूलित बेडरूममध्ये पातेले घेऊन बसायचे. कंपाउंडला यातले काहीच लागत नाही. वितळवा, बुडवा, गार करा, झाले.

पण वितळवण्यातच माझा पहिला स्लॅब गेला. गॅसवर पाणी उकळत ठेवून त्यावर स्टीलचा वाडगा ठेवला होता. वाडगा उचलताना त्याच्या बुडाला जमलेली वाफ ओघळून आत गेली. फार तर चमचाभर पाणी असेल, पण रेशमासारखे ओघळणारे चॉकलेट क्षणार्धात कोरड्या, रवाळ गोळ्यासारखे झाले. साखरेचे आणि कोकोचे कण तेवढ्याशा पाण्याने एकमेकांना धरून बसतात, हे नंतर कळले. अशा गोळ्यावर उपाय एवढाच की त्यात आणखी गरम दूध घालून सॉस करावा, पुन्हा आवरणासाठी त्याचा उपयोग होत नाही. मुलांनी तो तीन दिवस दुधात घालून प्यायला, त्यामुळे नुकसानीची कोणी तक्रार केली नाही. तेव्हापासून मी स्लॅब सुरीने बारीक चिरते आणि मायक्रोवेव्हमध्ये निम्म्या शक्तीवर 30-30 सेकंदांनी बाहेर काढून ढवळते. थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांबते, कारण ते उरलेल्या उष्णतेवर वितळतात. पांढरे कंपाउंड सगळ्यात नाजूक, जरा जास्त तापले की घट्ट होते आणि त्याला करपट वास लागतो. आवरण जाड येत असेल तर पाव किलोला चहाचा एक चमचा साधे रिफाइंड तेल पुरते. पाण्यातला इसेन्स किंवा गुलाबपाणी चुकूनही घालू नये, त्याचाही परिणाम वर सांगितलेल्या चमचाभर पाण्यासारखाच होतो.

राखीला नारळीपौर्णिमाही असते, म्हणून मी मोठ्या हौसेने ओल्या नारळाच्या वड्या करून डार्क कंपाउंडमध्ये बुडवल्या. दिसायला त्या देखण्या होत्या. दुसऱ्या दिवशी आवरणाला चिरा पडल्या, तिसऱ्या दिवशी त्या चिरांमधून पाक पाझरला आणि चौथ्या दिवशी डबा उघडताच आंबूस वास आला. ओला गाभा बंद आवरणात टिकत नाही, एवढे साधे गणित होते. शिवाय ऑगस्टच्या दमट हवेत फ्रिजमधून ताट बाहेर काढले की चॉकलेटवर दव जमते, ते सुकले की वर पांढरट खरखरीत थर उरतो. आता मी दहा मिनिटांतच ताट बाहेर काढते आणि वड्या झाकणाच्या डब्यात घालून डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडत नाही. डबा हवाबंदच हवा. एकदा निम्मे ताट उघडे राहिले आणि शेजारच्या कांद्याचा वास त्याला लागला.

दिवाळीत मात्र हिशेब नीट मांडला. 20 डबे, प्रत्येकात 12 नग, एकूण 240. दीड किलो कंपाउंडचे 645 रुपये, पाऊण किलो खजुराचे 195, घरी केलेल्या चिक्कीसाठी शेंगदाणे आणि गूळ मिळून 110, पाव किलो बदामांचे 230, आणि डबे, कागदी वाट्या व रंगीत फॉइलचे 340. एकूण 1,520, म्हणजे डब्यामागे 76 रुपये. गॅस, वीज, साचे आणि दोन रात्रींची माझी झोप यात धरलेली नाही. सप्टेंबरात चॉकलेटवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला होता, पण माझ्या दुकानदाराकडे जुना माल होता आणि त्याने छापील किमतीवर बोट ठेवले. या हिशेबातली खरी मौज अशी की सर्वाधिक दाद 110 रुपयांच्या चिक्कीला मिळाली. खमंग भाजलेले शेंगदाणे, गुळाचा किंचित खारट-कडवट स्वाद आणि त्यावर पातळ डार्क आवरण असले की चरबीचा तो मेणचटपणा जाणवतच नाही. उलट आवरणामुळे चिक्की दमटही होत नाही. बदामांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. चिक्की पूर्ण गार झाल्याशिवाय बुडवू नये, नाहीतर आवरण घसरून खाली तळ्यासारखे साचते. बुडवण्यासाठी प्लॅस्टिकच्या काट्याचे मधले दात मोडून घेतले, की बाजारातल्या बुडवण्याच्या चिमट्याची गरज उरत नाही. नग काट्यावर तोलून उचलायचा, वाडग्याच्या काठावर तीनदा आपटायचा, तळ काठाला पुसायचा आणि बटर पेपरवर सरकवायचा.

त्याच दिवाळीत एक दीडशहाणपणाही केला. चव सुधारावी म्हणून 300 ग्रॅम कंपाउंडमध्ये 200 ग्रॅम चांगले डार्क चॉकलेट मिसळले. आठवड्यात त्या सगळ्या नगांवर राखाडी बुरशीसारखा थर आला. ती बुरशी नव्हती, चरबी वर आली होती. पामच्या बियांची चरबी आणि कोको बटर यांचे एकमेकांशी जमत नाही. मिश्रण मऊ पडते आणि लवकर पांढरे होते. खायला ते नग सुरक्षित होते, पण कोणाला देण्यासारखे उरले नव्हते. ज्यांना खरे चॉकलेट वापरायचे आहे त्यांनी ते संपूर्ण वापरावे, असे निम्मे-निम्मे करू नये.

नाताळात संत्र्याच्या साली वापरल्या आणि या दहा महिन्यांतला हा सर्वांत स्वस्त व सर्वांत चांगला प्रयोग ठरला. नागपुरी संत्र्याची साल पातळ असते, त्यामुळे दोनदा उकळून पाणी फेकले की कडवटपणा पुरेसा जातो. मग साखरेच्या पाकात पारदर्शक होईपर्यंत शिजवून, जाळीवर दोन दिवस वाळवून, अर्ध्या भागापर्यंत डार्कमध्ये बुडवल्या. शेजारच्या गावठाणातल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या, काकू दरवर्षी कुलकुल (तळलेला गोड पदार्थ) आणि काजूच्या मार्झिपॅनची (साखर घालून केलेल्या मऊ वड्यांची) ताटली पाठवतात. मुंबईत मार्झिपॅन बदामाऐवजी काजूचे करण्याची पद्धत आहे. त्यांना परतीच्या ताटलीत या साली दिल्या, तर त्यांनी निरोप पाठवला की पुढच्या वर्षी साली फेकू नकोस, मलाही शिकव. संक्रांतीला तिळाच्या वड्या अर्ध्या बुडवल्या. त्या बऱ्या झाल्या, पण तिळगुळाला याची गरज नव्हती.

साच्यांबद्दल थोडेच. पातळ प्लॅस्टिकचे तीनपैकी दोन साचे वड्या सोडवताना पिळून पिळून दिवाळीपर्यंत तडकले. पॉलिकार्बोनेटचा साचा 380 रुपयांना पडला, पण अजून काचेसारखा आहे, कारण तो कधीही घासत नाही, कोमट पाण्याने धुऊन कापसाने पुसते. मधल्या काळात घेतलेल्या सिलिकॉनच्या साच्यातून वड्या झटकन निघतात, मात्र त्यांना चकाकी येत नाही आणि एकदा घातलेल्या पुदिन्याचा वास तो साचा महिनाभर सोडत नाही. सुटे स्लॅब वजनावर घेऊ नयेत. मी एकदा घेतले, त्यावर तारीख नव्हती आणि घरी आल्यावर त्यांना खवट वास येत होता.

पाचांपैकी कंपाउंडला साडेतीन आणि पॉलिकार्बोनेटच्या साच्याला साडेचार गुण देईन. मे महिन्यात पंख्याखाली ठेवलेला डबा मऊ झाला, पण वितळला नाही, हा त्यातला अर्धा गुण. यंदाच्या नारळीपौर्णिमेसाठी सुक्या खोबऱ्याचा कीस आणि कंडेन्स्ड मिल्क आणून ठेवले आहे. चार वड्या बुडवून आठ दिवस डब्यात ठेवल्या, चीर पडलेली नाही.