खत झकास, लिक्विड कार्बन नको रे बाबा

पाणवनस्पती लावलेल्या २ फुटी अ‍ॅक्वेरियम टाकीसाठी दुकानदाराने खत आणि लिक्विड कार्बन (झाडांना कार्बन मिळावा म्हणून पाण्यात ओतायचं औषध) दोन्ही गळ्यात मारलं. खत भारी आहे, आठवड्यातून दोनदा अर्धाच डोस टाकतो तरी अनुबियासला नवीन पानं येतायत, आधी जुन्या पानांना भोकं पडायची, पोटॅशियम कमी पडत असणार, ते थांबलं. कार्बनचं मात्र नाव मोठं लक्षण खोटं, बाटलीत ग्लुटराल्डिहाइड हे जंतुनाशक रसायन असतं, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) नाहीच! शेवाळ मरतं खरं पण माझी वॅलिसनेरिया चार दिवसात विरघळली राव. हातमोजे घालूनच ओता. जावा फर्न, अनुबियासला वेगळा कार्बन लागतच नाही, लाइट ६-७ तास, बास. क्रिप्टोकोरीन या झाडाच्या मुळाशी मात्र खताची गोळी खुपसा. खताला ४ स्टार, कार्बनला १, तोही शेवाळापुरता.