डिझेल हीटर रात्रभर बॅटरी किती खातो: बेळगावच्या थंडीत चार महिने वापरल्यावर

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा बहुतेक 10 ते 14 अंशांच्या मध्ये असतो. थंडी हाडं गोठवणारी नाही, पण दव भरपूर पडतं. बंद गाडीत दोन-तीन माणसं झोपली की पहाटे काचांवरून आणि पत्र्यावरून पाणी ओघळतं, अंथरूण दमट होतं. इथे हीटर लागतो तो ऊब मिळावी म्हणून आणि त्याहून जास्त हा ओलावा जावा म्हणून.

ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेल्या कॅम्परमध्ये 12 व्होल्टचा, 2 किलोवॅटचा, डिझेल जाळून केबिन तापवणारा हीटर नोव्हेंबर ते फेब्रुवारी वापरला. बाहेरून वीज घेतली नाही. पहिले दोन महिने इन्व्हर्टरची साधी ट्यूब्युलर (लेड-अ‍ॅसिड) बॅटरी होती, नंतर 100 एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीतली वीज मोजायचं माप) लिथियम आयर्न फॉस्फेट बसवली. बॅटरीच्या निगेटिव्हवर शंट (किती वीज गेली ते मोजणारं साधन) लावून प्रत्येक रात्रीचं रीडिंग घेतलं.

सुरू होताना ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी विजेची कांडी) तापतो तेव्हा 8 ते 9 अँपिअर जातात, सुमारे चार मिनिटं. म्हणजे एका स्टार्टला अर्धा एएच धरा. एकदा ज्योत धरली की ग्लो प्लग बंद होतो. मग पंखा, डिझेलचा पंप आणि कंट्रोल बोर्ड मिळून सर्वात कमी वेगावर 0.8 ते 1 अँपिअर, फुल वेगावर सव्वादोनच्या आसपास. बंद करताना ग्लो प्लग पुन्हा थोडा वेळ तापतो आणि पंखा काही मिनिटं फिरत राहतो, त्यात पाव ते एक तृतीयांश एएच. रात्री नऊ ते सकाळी सहा कमी वेगावर चालवला तर 9 ते 10 एएच, आणि डिझेल जेमतेम एक लिटर. तुलनेसाठी, कॉम्प्रेसरचा छोटा फ्रीज थंडीतही दिवसाला 20 एएचच्या पुढे जातो. आणि इन्व्हर्टरवर 1000 वॅटचा घरगुती हीटर लावलात तर बॅटरीतून 90 अँपिअरच्या वर ओढ पडते. 100 एएचची बॅटरी तासाभरात संपलीच म्हणून समजा.

मग “हीटरने बॅटरी बसवली” अशी तक्रार इतकी का येते? बहुतेक वेळा बॅटरी रिकामी झालेलीच नसते. दोष वायरचा असतो.

हीटरसोबत येणारी वायर बारीक असते. बॅटरी मागे आणि हीटर पुढच्या सीटखाली असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर वायर होते. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये 10 अँपिअरला एवढ्या लांबीत पाऊण व्होल्ट पडतो. अर्धी उतरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी 12.1 व्होल्ट दाखवते, लोडखाली 11.8 होते, त्यातून वायरचा पाऊण गेला की ग्लो प्लगला 11 सुद्धा धड मिळत नाही. प्लगची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते: 12.5 चे 11 झाले की चौथाईच्या आसपास उष्णता गेली. डिझेल पेटत नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, हीटर दोनदा प्रयत्न करतो आणि एरर देऊन थांबतो. हे नेमकं पहाटे चार-पाचला होतं, कारण बॅटरी तेव्हा सर्वात खाली असते. त्या वेळी परत परत स्टार्ट मारू नका. न जळलेलं डिझेल चेंबरमध्ये साठतं आणि पुढच्या वेळी धडाक्याने पेटतं.

उपाय स्वस्त आहे. 6 चौरस मिलिमीटरची वायर, प्लस आणि मायनस दोन्ही थेट बॅटरीवर, वायरच्या टोकाचं थिंबल नीट दाबून (क्रिम्प) बसवलेलं, बॅटरीपासून वीतभर अंतरात 20 अँपिअरचा फ्यूज. अर्थिंग बॉडीला देऊन काम भागवू नका आणि लायटरच्या सॉकेटमधून तर मुळीच घेऊ नका. वायर बदलल्यावर त्याच ट्यूब्युलर बॅटरीवर पहाटेचे स्टार्ट व्यवस्थित झाले. लिथियमवर प्रश्नच राहिला नाही, कारण ती अर्धी उतरली तरी 13 व्होल्ट धरून असते. पण नुसत्या हीटरसाठी लिथियम घेण्याची गरज नाही, हे आम्ही ठामपणे सांगू.

दुसरी चूक म्हणजे मोठा हीटर घेणे. आपल्या थंडीला 5 किलोवॅट फार होतो. केबिन दहा मिनिटांत तापते, मग तो सतत किमान वेगावर धुमसत राहतो किंवा थर्मोस्टॅटवर चालू-बंद होतो. रात्रीत दहा वेळा चालू-बंद झाला तर नुसत्या चालू-बंद होण्यातच आठ-एक एएच जातात. धुमसत राहिला तर काजळी धरते. ग्लो प्लगभोवतीची बारीक जाळी काळी, तेलकट आणि बुजलेली दिसली की स्टार्टला वेळ लागणार, म्हणजे 9 अँपिअर जास्त मिनिटं जाणार. 2 किलोवॅटलाही हे टळत नाही, म्हणून सकाळी बंद करण्याआधी वीस मिनिटं फुलवर चालवा. दोन महिन्यांनी जाळी काढून पाहिली तेव्हा कोरडी करडी पूड होती, ब्रशने निघाली.

चार्जिंगचं इथे सोपं आहे. तासाभराच्या ड्रायव्हिंगमध्ये 20 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (गाडी चालू असताना तिच्या विजेवर ही बॅटरी भरणारा) दोन रात्रींचा खर्च भरून काढतो. उघड्या माळावर 200 वॅटचं पॅनल थंडीतही पुरून उरतं. जांबोटीच्या झाडीत मात्र सावलीमुळे त्याचा भरवसा धरू नका.

हीटर कधीही मेन स्विचने बंद करू नका. पंखा मध्येच थांबला तर आतली उष्णता अडकते आणि सेन्सर, प्लॅस्टिकचं आवरण जातं. लो-व्होल्टेज कटऑफ (बॅटरी फार उतरली की वीज आपोआप तोडणारा स्विच) लावला असेल तर तो हीटरच्या लाइनवर नको, फ्रीजच्या लाइनवर ठेवा.

सायलेन्सरचं तोंड गाडीच्या कडेबाहेर, खिडकी आणि हवेच्या पाइपपासून दूर हवं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या जागेजवळ लावा आणि तो स्वतःच्या सेलवर चालणारा घ्या, म्हणजे गाडीची बॅटरी बसली तरी तो जागा राहील.

पंपाची टकटक ही एकच तक्रार उरली आहे. रबरी पट्ट्यात, बाहेर जाणारं तोंड वर करून तिरका बसवला तर आवाज निम्मा होतो आणि पाइपमध्ये बुडबुडेही अडकत नाहीत.