पर्वतीवरून पुणे: एकच वाइड फोटो, जोडलेला पॅनोरमा की ड्रोन?

फोटो फोनवरच बघायचा असेल तर २४ मिमीच्या वाइड (रुंद दृश्य टिपणाऱ्या) लेन्सने एक क्लिक पुरे. भिंतभर प्रिंट काढायची असेल, किंवा आजच्या पुण्यात कुठला वाडा अजून उभा होता हे पुढे कधी त्यात शोधता यावं असं वाटत असेल, तर लांब (दूरचं जवळ आणणाऱ्या) लेन्सने तुकड्यातुकड्यांत शहर टिपा आणि नंतर जोडा. माझं मत ठामपणे याच बाजूचं आहे.

कारण साधं आहे. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमीची लेन्स लावली, तर एक किलोमीटरवरची मीटरभर रुंद खिडकी जेमतेम ४ पिक्सेलची येते, म्हणजे नुसता ठिपका. २०० मिमीला तीच खिडकी ३३ पिक्सेलची होते. गज दिसतात, वाळत घातलेली चादर कळते. कॅमेरा उभा धरून, शेजारच्या फ्रेममध्ये ३० टक्के ओव्हरलॅप (सामाईक भाग) ठेवून १२० अंश फिरवला की पंचवीसेक फ्रेम लागतात आणि कडा कापूनही ४०० मेगापिक्सेलच्या आसपास चित्र हाती येतं. लंडनच्या बीटी टॉवरवरून २०१२ साली याच रीतीने ४८,६४० फोटो काढून ३२० गिगापिक्सेलचं चित्र जोडलं होतं.

मेहनत मात्र आहे. एक्सपोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअलवर ठेवून एकदाच ठरवायचे आणि मग हात लावायचा नाही. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) काढून ठेवा, नाहीतर आकाशात गडद-फिकट पट्टे येतात. जोडणीसाठी हगिन हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सांध्यावर एखादी पीएमपी बस अर्धी कापलेली किंवा दोनदा दिसते. ती मास्किंगने, म्हणजे नको तो भाग झाकून, निस्तरावी लागते. सगळ्यात मोठा शत्रू हवा. दुपारी तापलेल्या पत्र्यांवरची थरथर लांब लेन्समध्ये हमखास उतरते, थंडीतल्या सकाळी धुरकं असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस पडून गेल्यावरची संध्याकाळ साधा: हवा धुतलेली, आणि पेठांकडे तोंड केलं की ऊन डावीकडून, किंचित मागून.

ड्रोनचं आकर्षण मला समजतं. समोरचं झाड आडवं येत नाही. पण लहान ड्रोनचा सेन्सर लहान, वर वारा. शिवाय २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर जायला परवानगी लागते, आणि पुण्यात लोहगाव विमानतळ आहे, लष्करी जागा आहेत. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा बघितल्याशिवाय उडवूच नका. आसपास टेकडीच नसलेल्या शहरात ड्रोनचा विचार जरूर करावा. पुण्यात पर्वती असताना मी करणार नाही.

पहिल्यांदाच करत असाल तर थेट २०० मिमीवर जाऊ नका. ८५ मिमीला दहा-अकरा फ्रेममध्ये भागतं, साध्या लॅपटॉपवरही जोडणी होते, आणि तपशील वाइडच्या साडेतीनपट मिळतो.