सकाळचा पहिला शो, चौदा प्रेक्षक

सत्तावीस वर्षं मी चित्रपटगृहाच्या केबिनमध्ये काढली, प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर म्हणून. शो किती चालवले याचा हिशेब नाही, पण चित्रपट म्हणाल तर तुकड्यातुकड्यात पाहिले. डोळे कायम पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, रीळ बदलायची खूण कधी येते तिकडे. त्यामुळे निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या चित्रपट महोत्सवाचा पाच दिवसांचा पास काढला, तो खरं तर दुसऱ्या कुणाच्या तरी फोकसला नावं ठेवण्यासाठी.

माहितीपुस्तिका हातात पडली आणि गोंधळलो. निम्म्या चित्रपटांत 'नात्यांचा तरल वेध', उरलेल्यांत 'अस्तित्वाचा शोध'. कसली निवड करणार? मग माझी पद्धत लावली : दिग्दर्शकाचा पहिलाच चित्रपट आणि लांबी 80 मिनिटांच्या आत, की पेनाने खूण. पैसे उभे करताना ज्याच्या नाकी नऊ आलेत तो उगाच लांबण लावणार नाही, हा हिशेब. तो तीनदा चुकला आणि चारदा जमला. मोठ्या नावांच्या मागे रांगा लावून याहून जास्त काही हाती लागलं नसतं, हे मी पैजेवर सांगतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला 74 मिनिटांचा एक चित्रपट होता. सभागृहात चौदा माणसं, त्यातले दोघे स्वयंसेवक. एक आई आणि तिची मुलगी भाड्याचं घर रिकामं करतायत, बस. सकाळी सुरू, संध्याकाळी कुलूप. कॅमेरा घराबाहेर पाऊल टाकत नाही. वडील कुठे गेले हे कुणी बोलत नाही. भिंतीवर फोटोच्या जागी फिकट चौकोन तेवढा दिसतो. मुलगी तिथला खिळा काढायला बघते, निघत नाही, पुन्हा बघते, आणि आई नुसती दारात उभी. हे चार मिनिटं चालतं. मी घड्याळ पाहिलं नाही. खिडकीतलं ऊन मात्र पाहत राहिलो. सकाळी ते पलंगाच्या पायाशी होतं, शेवटी दाराच्या कडीवर आलं. आयुष्यभर दिव्याच्या उजेडाचाच धंदा केला, तरी उजेड असा पात्रासारखा वागताना पाहिला नव्हता.

नंतर दिग्दर्शिका बोलायला आली. घर नऊच दिवस मिळालं होतं, आणि ऊन जुळावं म्हणून रोज ठरलेल्या तासांतच चित्रण करायचं. पाच माणसांचं युनिट, आवाजवालाच गरज पडली तर सामानही उचलायचा. खिळा खरोखरच निघत नव्हता, असं ती म्हणाली, म्हणून प्रसंग तसाच ठेवला. या गप्पांना वीस मिनिटं होती. त्यातली आठ एका गृहस्थांनी प्रश्न विचारण्यात घालवली, आणि त्यात प्रश्न नव्हता.

आता केबिनकडे येतो. आमच्या काळी 90 मिनिटांच्या चित्रपटाची प्रिंट म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर फिल्म. ती काढायची, डब्यांत भरायची, पाठवायची. पाच माणसांच्या युनिटला ते कुठून परवडणार? आता एका हार्ड डिस्कवर डीसीपी, म्हणजे चित्रपटाचं डिजिटल पॅकेज, येतं. म्हणून तर अशी माणसं पडद्यापर्यंत पोचतात. पण डिस्क आली म्हणून ऑपरेटरचं काम संपत नाही. एका संध्याकाळी परभाषेतला चित्रपट अकरा मिनिटं उपशीर्षकांशिवाय चालला. शेजारचे म्हणाले, "मुद्दामच केलं असेल, प्रायोगिक आहे." मी उठलो. डीसीपीत चित्र आणि ध्वनीचं मूळ पॅकेज एक आणि उपशीर्षकांचं पूरक पॅकेज वेगळं असू शकतं, आणि यादीत दोघांची नावं जुळ्या भावांसारखी दिसतात. घाईत मूळ लावलं की सगळं सुरळीत चालतं, फक्त अक्षरं येत नाहीत. केबिनमधला पोरगा म्हणाला, "काका, चालू तर आहे ना." म्हटलं, "बाळा, खालची ओळ लाव." लावली, आणि पहिल्यापासून सुरू केला. याचे मी त्याला पूर्ण गुण देतो.

आवाजाचं मात्र माफ करणार नाही. ध्वनियंत्रावर 7 हा प्रमाण आकडा. चित्रपटाचं मिक्सिंग त्याच पातळीवर ऐकून केलेलं असतं. भाषणांच्या वेळी 4 वर आणलेला नॉब दोन शोंना तसाच राहिला. मोठा मसालेदार चित्रपट ते सोसतो. कुजबुजीवर उभा असलेला चित्रपट मेलाच.

लघुपटांचे दोन संच पाहिले, त्यातले दोन लघुपट चांगले, बाकीचे शेवटी धक्का देण्यासाठीच काढलेले. सव्वादोन तासांच्या एका माहितीपटातून मी उठून गेलो. खुर्च्या बऱ्या, स्वयंसेवक फारच गोड, वेळापत्रक रोज दुपारनंतर अर्धा तास मागे.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. उद्घाटनाचा चित्रपट, जो दोन महिन्यांत कुठेही लागेल, त्याचे तीन खेळ. आणि ज्यांना महोत्सवाबाहेर पडदाच नाही त्यांचा एक, तोही सकाळी नऊला. त्या रिकाम्या घराच्या चित्रपटाबद्दल मी दुपारपर्यंत रांगेतल्या सात-आठ जणांना सांगितलं. प्रत्येकाने विचारलं, "परत कधी आहे?" नव्हता.