मेडलाइनप्लस वापरून बघितलं: जाहिराती नाहीत, पण पेजेचं विचारू नका

चवथीनंतर आठवड्याने डिचोलीच्या लॅबमधून आईचा रिपोर्ट आणला, एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची टेस्ट) ६.१. डॉक्टर संध्याकाळी भेटणार होते पण तोवर मला कुठला धीर, मोबाईलवर टाकलं '६.१ शुगर धोका'. आता धोका म्हणून शोधल्यावर धोकाच मिळणार ना, पहिल्याच साईटवर किडनी, डोळे, पाय सगळं गेलं आणि खाली त्यांचंच चूर्ण विकायला. तेवढ्यात मामांनी फॅमिली ग्रुपवर भेंडीचं पाणी पाठवलं. मामा पीडब्ल्यूडीतून रिटायर, डायबेटिसशी संबंध एवढाच की त्यांना स्वतःला तो आहे.

मग फार्मसी शिकणाऱ्या भाचीने मेडलाइनप्लस दाखवलं. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची साईट, १९९८ पासून चालू, फुकट, जाहिरात एकही नाही. तिथे सरळ लिहिलंय, ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस, ६.५ पासून पुढे डायबेटिस. आणि ही टेस्ट साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, म्हणजे चवथीच्या चार नेवऱ्यांनी ६.१ होत नाही, आई तेच घोकत बसलेली बिचारी. ॲनिमिया असला तर आकडा चुकू शकतो हे पण तिथेच कळलं. आईचं हिमोग्लोबिन नेहमी कमी, संध्याकाळी डॉक्टरांच्या कानावर घातलं तर ते म्हणाले बरं सांगितलंत, आणि सीबीसी (हिमोग्लोबिन, रक्तपेशी बघायची टेस्ट) लिहून दिली. पानावर शेवटचं कधी अपडेट केलं ती तारीख असते, माहिती कुठून घेतली तेही खाली असतं. चूर्णवाल्याकडे ह्यातलं काय होतं? फक्त फोन नंबर.

आता खोट. मेन साईट इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, त्यामुळे आईला मी वाचून मराठीत सांगायचं. पॅरासिटामॉल शोधायला गेलात तर ते तिकडे ॲसिटामिनोफेन, आणि आपल्या स्ट्रिपवरची कंपनीची नावं टाकून बहुतेक वेळा हाताला काही लागत नाही, मागचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव टाकावं लागतं. खाण्याचं सगळं त्यांच्या ताटातलं, उकड्या तांदळाची पेज चालेल का हे कोण सांगणार? ते डॉक्टरांनीच सांगितलं, चालेल पण वाटी लहान घ्या.

पाचात चार स्टार. मामांना पण लिंक पाठवली, दोन निळ्या टिका आल्या, आणि पाच मिनिटांनी कारल्याच्या रसाचा व्हिडिओ.