जुनं टू-स्ट्रोक 75 की नवं फोर-स्ट्रोक 60? छोट्या फास्ट बोटीचं इंजिन बदलताना

16-17 फुटी व्ही-तळाची फायबरची बोट आहे, बॉडी अजून टणक आहे, पण इंजिन थकलंय आणि बजेट हात आखडून खर्च करण्याचं आहे, अशी वेळ मालवण-तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात दर सीझनच्या तोंडावर कुणावर ना कुणावर येतेच. समोर साधारण तीन पर्याय असतात. सेकंडहँड टू-स्ट्रोक 75 (हे आकडे हॉर्सपॉवरचे), नवं किंवा कमी चाललेलं फोर-स्ट्रोक 60-70, नाहीतर टू-स्ट्रोक 40 ची जोडी. तिन्ही मी पाण्यावर चालवून बघितलेत आणि त्यातलं एक माझ्या बोटीला लावलंय, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते वाचताना कळेलच, पण तुमचा धंदा वेगळा असेल तर तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

जोडीचं आधी उरकतो. दोन 40 लावायचं मुख्य कारण म्हणजे एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येता येतं, आणि निवतीच्या दीपगृहाकडे ज्यांचं रोज जाणं आहे त्यांना हे पटतंच. पण 17 फुटी बोटीत माणसं भरलेली असताना एकट्या 40 वर बोट पाण्यावर उचलत नाही, ती नांगर ओढल्यासारखी हळूहळू किनाऱ्याला लागते. शिवाय पाण्यात दोन लोअर युनिट (इंजिनाचा पाण्यात बुडणारा खालचा भाग) म्हणजे ओढ वाढली, दोन पंखे (प्रोपेलर), दोन वॉटर पंप, दोन स्टिअरिंग केबल आणि ट्रान्समवर, म्हणजे इंजिन लागतं त्या बोटीच्या मागच्या फळीवर, दीडशे किलोच्या आसपास वजन. 80 ची ताकद कागदावर दिसते, पाण्यात तेवढी दिसत नाही. मोठ्या, रुंद बोटीला ठीक आहे, छोट्या बोटीला मी तरी लावणार नाही.

आता खरी कुस्ती, टू-स्ट्रोक 75 विरुद्ध फोर-स्ट्रोक 60.

टू-स्ट्रोकबद्दल मला मनापासून प्रेम आहे. यामाहाचं एंड्युरो 75 घ्या, 3 सिलेंडर, 1140 सीसी, कार्ब्युरेटर, आत कॉम्प्युटर नाही की सेन्सरची जाळी नाही. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलेंडर क्रँकच्या दर फेऱ्याला पेटतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदा, आणि हा फरक थ्रॉटल उघडल्या उघडल्या पाठीला जाणवतो. पर्यटकांना बसवून हवेच्या फुगवलेल्या बम्पर आणि बनाना राईड ओढायच्या, माणसं बसलेली असताना बोट चटकन वर काढायची, यात जुनं 75 आजही कुणाला हार जात नाही. बिघडलं तर मालवणात, वास्कोत, रत्नागिरीत कुठलाही जुना मिस्त्री डोळे मिटून उघडतो. पावसाळ्यात बोट वर काढली की इंजिन टेम्पोत आडवं टाकून घरी न्यायचं आणि पडवीत ठेवायचं. फोर-स्ट्रोक असं कसंही आडवं टाकता येत नाही, चुकीच्या कुशीवर टाकलं तर संपमधलं (खालच्या ऑइलच्या टाकीतलं) ऑइल सिलेंडरमध्ये जातं, म्हणून शक्यतो उभ्या स्टँडवरच. ही गोष्ट घेताना कुणी सांगत नाही, जूनमध्ये चार माणसं धरून उचलताना कळते.

आणि पेट्रोल. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि बहुतेक आऊटबोर्डच्या (बोटीच्या मागे बाहेर लावायच्या अशा इंजिनांच्या) पुस्तकात 10 टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. आपल्याकडची दमट हवा, इथेनॉल पाणी ओढून घेतं, ते टाकीत खाली बसतं आणि सप्टेंबरात पहिल्या स्टार्टला त्रास देतं. हे दोन्ही प्रकारच्या इंजिनांना लागू आहे, पण कार्ब्युरेटर आपण स्वतः उघडून जेट साफ करू शकतो, इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप म्हटलं की मिस्त्री आला, त्याचं येणं आलं, त्याचं बिल आलं. तेव्हा काहीही घ्या, पाणी वेगळं करणारा फिल्टर लाइनमध्ये लावाच आणि सीझन संपला की टाकी आणि लाइन रिकामी करा.

इथपर्यंत वाचून वाटेल की हा टू-स्ट्रोकच घ्या म्हणणार. मलाही बरीच वर्षं तेच वाटायचं.

माझं मत फिरलं ते एका गोष्टीमुळे, स्पार्क प्लग. आमचं काम काय असतं बघा, सकाळी देवबागच्या संगमातून (कर्ली नदी समुद्राला मिळते तिथून) बाहेर पडायचं, भोगवे-निवतीच्या बाजूला डॉल्फिन बघायला जायचं आणि तिथे पोचल्यावर एकदम सावकाश, जवळजवळ नुसतं आयडलवर (थ्रॉटल न देता) बोट फिरवत राहायचं, कारण इंजिन गरगर केलं की डॉल्फिन खाली जातात आणि पॅसेंजर हिरमुसतात. आता टू-स्ट्रोकमध्ये 50 लिटर पेट्रोलला 1 लिटर ऑइल जळत असतं. फुल थ्रॉटलला ते नीट जळतं, पण आयडलवर सिलेंडर तेवढा तापत नाही आणि ऑइल अर्धवट जळून प्लगच्या टोकावर काळं, ओलसर बसत जातं. मागून वारा असला की तो सगळा धूर बोटीतच, लहान मुलं नाक धरून बसतात, ते एक वेगळंच. पण धुराचं एकवेळ सोडून देऊ.

त्रास परतीला होतो. कर्लीच्या तोंडावर वाळूचा पट्टा आहे, तो दरवर्षी थोडा सरकतो, आणि सुकती (ओहोटी) लागलेली असताना दर्याची लाट आत येताना नदीच्या ओढीला भिडून तिथेच फुटते. तिथून आत घुसायचं म्हणजे लाटेच्या पाठीवर बसून, तिच्याच वेगानं, ना पुढे ना मागे. त्या क्षणी हँडल पुढे केलं की ताकद आली पाहिजे, लगेच. आणि अर्धा-पाऊण तास आयडलवर घालवलेलं टू-स्ट्रोक नेमकं तिथेच एक सिलेंडर सोडतं. आवाज बदलतो, भर्रर्र च्या जागी भडभड, 3 सिलेंडरचं इंजिन 2 वर चालायला लागतं, बोट वर येत नाही आणि मागची लाट जवळ येत असते. दोन-चार सेकंदांत प्लग पेटतोही बऱ्याचदा, साफ होतो आणि इंजिन उसळी घेतं, पण त्या सेकंदांत माझ्या मागे कुणाचीतरी म्हातारी आई आणि दोन पोरं बसलेली असतात आणि मला ते सेकंद नको असतात.

त्यावर उपाय आहेत आणि ते मी सगळे केले. जरा गरम रेंजचे प्लग घातले, चांगलं टीसी-डब्ल्यू थ्री ग्रेडचं (बोटीच्या टू-स्ट्रोकसाठीचं) ऑइल वापरलं, कार्ब्युरेटर जुळवून घेतले, संगमाच्या आधी लांबूनच इंजिन एकदा जोरात पळवून प्लग जाळून घ्यायची सवय लावली. फरक पडतो. ऑइल कमी घाला असंही लोक सांगतात, ते मात्र करू नका, प्लग वाचेल आणि पिस्टन जाईल. पण एवढं सगळं करूनही मनातली धाकधूक जात नाही, आणि डब्यात जास्तीचे प्लग आणि पाना घेऊन फिरणं हे उत्तर नाही असं मला वाटतं. लाटेत कोण प्लग बदलत बसणार.

फोर-स्ट्रोक 60 मध्ये हा प्रश्नच नाही. ऑइल पेट्रोलमध्ये जळतच नाही, संपमध्ये राहतं, आणि इंजेक्शन असल्यामुळे आयडलवर लागेल तेवढंच पेट्रोल जातं. तासभर डॉल्फिनच्या मागे रेंगाळा आणि मग हँडल पुढे करा, इंजिन काही तक्रार न करता फिरतं. आयडलवर इतकं शांत असतं की पॅसेंजर विचारतात बंद पडलं का, आणि डॉल्फिन फुस्स करून श्वास सोडतो तो आवाज बोटीत ऐकू येतो. हे पहिल्यांदा झालं तेव्हाच माझा निर्णय झाला म्हटलं तरी चालेल.

मी सुझुकीचं डीएफ 60 ए घेतलं. 3 सिलेंडर, 941 सीसी, वजन 104 किलोच्या आसपास, त्यामुळे छोट्या ट्रान्समला जड होत नाही. टायमिंग चेन ऑइलमध्येच फिरते, बेल्ट बदलायचा खर्च नाही. यामाहाचं एफ 70 पण मी मनापासून बघत होतो, 4 सिलेंडर, 996 सीसी, साधारण 120 किलो, आणि धावण्यात ते 60 पेक्षा नक्कीच तेज आहे, माझ्या खिशाला 60 परवडलं एवढंच. ज्याला जमतंय त्यानं 70 जरूर बघावं. मात्र 70 पाहिजे म्हणून सुझुकीच्या डीएफ 70 ए कडे जाऊ नका, ते 1502 सीसीच्या मोठ्या ब्लॉकवरचं आहे आणि 150 किलोच्या वर जातं. मोठ्या बोटीवर उत्तम, पण 17 फुटीचा मागचा भाग खाली बसतो आणि थांबल्यावर ट्रान्समवरून पाणी आत येतं.

वेगाचं विचाराल तर जुन्या 75 पेक्षा माझी बोट थोडी कमी पळते, हे खरं आहे. मी मोजलेलं नाही, पण शेजारच्या 75 वाल्याबरोबर मालवणच्या दांडी किनाऱ्यापासून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघालो की तो सुरुवातीला पुढे जातो, मग अंतर फारसं वाढत नाही. सुरुवातीची उसळी मात्र मला आजही आठवते. तुम्ही फक्त बम्पर आणि बनाना ओढत असाल, दिवसभर किनाऱ्याजवळ, थांबा-पळा थांबा-पळा, तर प्लगला तेल धरायला वेळच मिळत नाही, अशा कामाला चांगल्या हालतीतलं टू-स्ट्रोक 75 घेणाऱ्याला मी अडवणार नाही.

पैशाचा हिशोब. नव्या फोर-स्ट्रोकला हातातून जाणारी रक्कम जुन्या 75 पेक्षा खूपच जास्त, यात वाद नाही. पण पेट्रोल कमी लागतं ते आठवड्यात टाकी भरतानाच कळतं, ऑइलचे डबे बंद होतात, आणि रोज फेऱ्या मारणाऱ्याचे वरचे पैसे हळूहळू निघतात. सुट्टीत कधीतरी बोट काढणाऱ्याचे बहुतेक निघणार नाहीत. पहिल्या 20 तासांना सर्व्हिस आणि पुढे दर 100 तासांना ऑइल आणि फिल्टर हे फोर-स्ट्रोकला चुकवून चालत नाही. बॅटरीही चांगली ठेवावी लागते, तिच्याशिवाय ते सुरूच होत नाही, म्हणून मी दुसरी बॅटरी आणि वेगळा स्विच लावून घेतला, तो खर्च आधीच धरा.

जुनं टू-स्ट्रोकच घ्यायचं ठरवलं तर निदान एवढं बघून घ्या. कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) तिन्ही सिलेंडरचं मोजा, आपापसात 10 टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर सोडा. लोअर युनिटचं ऑइल काढून बघा, दुधाळ असेल तर सील गेलंय. मॉडेलच्या नावात ईके आहे का ते वाचा, ती यामाहाची रॉकेलवर चालणारी इंजिनं, कॉम्प्रेशन कमी, केरळच्या मच्छीमारांकडे भरपूर असतात आणि तिकडून फिरत फिरत इकडे विकायला येतात, फास्ट बोटीला उपयोगाची नाहीत. इव्हिनरूडचं ई-टेक कुणी स्वस्तात देत असेल तर इंजिन म्हणून ते छानच, धूरही कमी, पण कंपनीनं मे 2020 मध्ये आऊटबोर्ड बनवणंच बंद केलं, पार्टसाठी किती फिरायची तयारी आहे ते स्वतःला विचारा.

कुठलंही घ्या, ऑर्डर द्यायच्या आधी ट्रान्समची उंची मोजा, 15 इंच की 20 इंच, आणि शाफ्ट (इंजिनाचा खाली जाणारा दांडा) तेवढ्याच लांबीचा मागवा. पंखा मात्र डीलरनं दिला तोच कायमचा असं धरू नका. सगळी माणसं आणि सामान घेऊन फुल थ्रॉटलला आरपीएम बघा, पुस्तकात दिलेल्या रेंजच्या वरच्या अर्ध्यात यायला पाहिजे. कमी येत असेल तर 1 इंच कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा) पंखा लावा, साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात आणि बोट उचलायलाही हलकी होते. माझ्या 60 ची सुरुवातीची सुस्ती बरीचशी तिथेच गेली. जुना पंखा विकू नका, संगमातल्या वाळूत एखादा वाकतोच.