मृत क्लोरेलाच्या मण्यांची धातुशोषक नळी: सहा आठवड्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

पाण्यातील जड धातू सूक्ष्मशैवालाच्या साहाय्याने काढण्याचा दावा करणारी एक नळी आम्ही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी मागवली होती. विद्यार्थ्यांच्या प्रयोगांनंतर उरणारे मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) निळे पाणी गटारात ओतावे लागू नये, एवढाच आमचा हेतू होता. नळी पारदर्शक असून तिच्यात मोहरीहून थोडे मोठे, गडद हिरवे मणी ठासून भरलेले आहेत. क्लोरेला व्हल्गॅरिस या एकपेशीय शैवालाच्या वाळवलेल्या, मृत पेशी अल्जिनेटच्या जेलमध्ये बसवून हे मणी केलेले आहेत.

शैवाल मेलेले आहे हे वाचून आमच्यापैकी काहींना फसवणूक झाल्यासारखे वाटले, परंतु तसे समजण्याचे कारण नाही. क्लोरेलाच्या पेशीभित्तिकेवर कार्बोक्सिल, फॉस्फेट, अमिनो यांसारखे गट असतात आणि तांबे, शिसे, कॅडमियम यांचे धनभारित आयन त्यांना येऊन चिकटतात. या क्रियेला पेशी जिवंत असण्याची गरज नसते आणि तिचा बराचसा भाग काही मिनिटांतच उरकतो. जिवंत पेशी याच्या पुढे जाऊन धातू आत ओढून घेते आणि फायटोकेलेटिन नावाच्या लहान पेप्टाइडांमध्ये जखडून ठेवते, पण ते काम संथ असते आणि त्यासाठी उजेड, पोषकद्रव्ये व योग्य तापमान सांभाळावे लागते. पाणी फार विषारी असेल तर त्या पेशी स्वतःच मरतात. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात टांगून ठेवायच्या नळीसाठी मृत पेशी वापरण्याचा उत्पादकाचा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो.

पहिल्या दिवशीचा अनुभव खरोखर समाधान देणारा होता. सौम्य मोरचुदाचे पाणी वरून थेंबाथेंबाने सोडले, तेव्हा मण्यांचा हिरवा रंग वरच्या थरापासून निळसर होत गेला आणि ती निळाई एखाद्या कडेसारखी हळूहळू खाली सरकताना स्पष्ट दिसत होती. खाली जमलेले पाणी रंगहीन होते, आणि त्यात अमोनियाचे द्रावण घातल्यावर तांब्याची ओळख पटवणारा गडद निळा रंग आला नाही. विद्यार्थ्यांना अधिशोषण, म्हणजे विरघळलेला पदार्थ घन पृष्ठभागाला चिकटून राहणे, ही संकल्पना इतक्या थोड्या वेळात, डोळ्यांना दिसेल अशी समजावणारे दुसरे साधन माझ्या वापरात आलेले नाही.

तथापि याचे सर्व श्रेय शैवालाला देण्यापूर्वी एक पडताळणी आवश्यक होती. अल्जिनेट हे तपकिरी समुद्री शैवालापासून मिळते आणि त्याच्याही अंगी कार्बोक्सिल गट भरपूर असतात. म्हणून आम्ही सोडियम अल्जिनेटचे द्रावण कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब थेंब सोडून क्लोरेला नसलेले साधे मणी तयार केले आणि त्यांवरून तेच पाणी सोडले. तेही मणी ठळक निळे झाले. नळीच्या कामगिरीत क्लोरेलाचा वाटा किती आणि जेलचा किती, हे माहितीपत्रकात कुठेच सांगितलेले नाही, आणि ‘सूक्ष्मशैवालाची शक्ती’ अशा नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या बाबतीत ही उणीव मला गंभीर वाटते.

दुसरी उणीव सामूविषयी, म्हणजे पाण्याची आम्लता दाखवणाऱ्या पीएच मूल्याविषयी आहे. आम्लधर्मी पाण्यात हायड्रोजनचे आयन तेच गट आधी अडवून बसतात. त्यामुळे गंधकाम्ल मिसळलेले मोरचुदाचे पाणी नळीतून जवळपास तसेच निळे बाहेर आले. तांब्यासारख्या धातूंसाठी साधारण ४ ते ६ सामू अनुकूल असतो, आणि त्याहून बराच वाढवला तर धातू हायड्रॉक्साइडच्या रूपाने साक्यात बसू लागतो, म्हणजे तो मण्यांनी शोषला असे म्हणता येत नाही. पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम जास्त असल्यास तेही जागेसाठी स्पर्धा करतात. इतक्या मूलभूत बाबींसाठी पत्रकात दोन ओळीसुद्धा खर्च केलेल्या नाहीत, उलट ‘सर्व जड धातूंवर परिणामकारक’ असे मोठ्या अक्षरांत छापले आहे. पोटॅशियम डायक्रोमेटचे नारिंगी पाणी सोडून पाहिले, तर रंगात फरक जाणवला नाही. तसे होणारच होते, कारण तेथे क्रोमियम ऋणभारित आयनाच्या रूपात असते आणि ते पकडायचे तर सामू २ च्या आसपास आणावा लागतो.

सर्वांत मोठे नुकसान बेनेडिक्टच्या द्रावणाने, म्हणजे साखर ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तांब्याच्या निळ्या द्रावणाने झाले. त्याचे उरलेले पाणी एका संध्याकाळी नळीत ओतले आणि सकाळी पाहतो तो खालच्या अर्ध्या भागात मण्यांऐवजी हिरवट लगदा होता. या द्रावणातील सायट्रेट अल्जिनेटला बांधून ठेवणारे कॅल्शियम काढून घेते, शिवाय तांब्यालाही स्वतःजवळ धरून ठेवते. चूक आमची होती हे मान्य करूनही, शाळा-महाविद्यालयांना विकल्या जाणाऱ्या नळीवर सायट्रेटबाबत इशारा छापणे हे उत्पादकाचे कर्तव्य होते असे मी म्हणेन. अमेरिकेत अल्गासॉर्ब या नावाने विकसित झालेल्या आणि १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे पाऱ्याने दूषित झालेल्या भूजलावर तपासल्या गेलेल्या पदार्थात शैवालाच्या पेशी सिलिका जेलमध्ये बसवलेल्या होत्या. तसा आधार सायट्रेटने विरघळत नाही.

मणी पुन्हा वापरता येतात, हा दावा मर्यादित अर्थाने खरा ठरला. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतल्यावर तांबे सुटून खालच्या बाटलीत निळसर-हिरवे, अधिक तीव्र द्रावण जमते, आणि कॅल्शियम क्लोराइडने पुन्हा धुतले की मणी कामाला लागतात. तिसऱ्या वेळेनंतर मात्र काही मणी आक्रसून फुटू लागले आणि प्रवाह अडखळू लागला.

पिण्याच्या पाण्यासाठी ही नळी कोणीही वापरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा शिशासाठी ०.०१ आणि कॅडमियमसाठी ०.००३ मिलिग्रॅम प्रतिलिटर इतक्या सूक्ष्म आहेत. सोबत दिलेल्या रंगपट्टीला एवढे बारीक मोजमाप जमत नाही आणि रंगहीन दिसणे म्हणजे निर्धोक असणे नव्हे.

शेवटचा आक्षेप वापरलेल्या मण्यांबद्दलचा आहे, आणि तो मला सर्वाधिक खटकतो. पत्रक म्हणते की ते ‘नैसर्गिक’ असल्याने नेहमीच्या कचऱ्यात टाकावेत. पाण्यातील तांबे नाहीसे झालेले नसते, ते मण्यांत साठलेले असते. कचऱ्यात टाकलेले मणी कुजले किंवा त्यांना आम्ल लागले की तांबे पुन्हा जमिनीत व पाण्यात उतरणार. आम्ही ते मणी आणि धुण्याचे द्रावण झाकणाच्या बाटल्यांत, धातूचे नाव व तारीख लिहून, घातक रासायनिक कचऱ्यासोबत वेगळे ठेवतो.

तांब्याचे सौम्य, आम्ल व सायट्रेट नसलेले पाणी हाताळायचे असेल आणि शिकवण्यासाठी साधन हवे असेल, तर मी पाचांपैकी तीन गुण देईन आणि आम्ही दुसरी नळी मागवणारही आहोत. सामूची मर्यादा, सायट्रेटचा इशारा आणि मण्यांची विल्हेवाट या तीन गोष्टी पत्रकात घालाव्यात, असे उत्पादकाला लेखी कळवले आहे. उत्तर आले की हा अभिप्राय त्यानुसार दुरुस्त करीन.